बंब येईपर्यंत

शेतवस्तीवर आग लागली म्हणजे प्रथम आरडाओरड होते, मग कोणी तरी तालुक्याच्या गांवीं फोन करतो, आणि त्यानंतर सर्वांचे डोळे रस्त्याकडे लागतात. बंब आला कीं सर्व कांहीं वांचेल, ही आशा त्या वेळीं मनास धीर देते. परंतु एकीकडे तीस-चाळीस किलोमीटरांचा रस्ता, त्यांतला शेवटचा भाग पाणंदीचा, आणि दुसरीकडे चैत्राच्या उन्हांत खडखडीत वाळलेला कडबा, यांची शर्यत लागली असतां कोण पुढें जाईल हें शेतकऱ्यास सांगावयास नको. बंब येतो तेव्हां बहुधा निखारे विझविण्याचेंच काम त्याच्या वांट्यास उरलेलें असतें. बंबावरील माणसांचा यांत दोष नाहीं. तीं जिवावर उदार होऊनच येतात. दोष असलाच तर तो आपण त्यांच्यावर टाकलेल्या भरंवशाचा आहे.

आमच्या संघाच्या एका सभासदांच्या वस्तीवर सन २०२२ च्या मार्च महिन्यांत जें घडलें, तें त्यांच्या संमतीनें व नांव न देतां येथें सांगतों. दुपारीं दोनच्या सुमारास गोठ्यामागील कडब्याच्या गंजीनें पेट घेतला. गंजी गोठ्यास लागून होती व गोठा घरास लागून. घरापासून पन्नास पावलांवर विहीर, आणि तींत दोन पुरुष पाणी. विहिरीवर पांच अश्वशक्तीचा पंप. सभासद धांवत गेले, त्यांनीं कळ दाबली, पंप सुरूही झाला. परंतु पंपाची पेटी घराच्या भिंतीवर बसविलेली होती आणि तेथून विहिरीकडे जाणारी केबल गोठ्याच्या आढ्यावरून नेलेली होती. नळी आणून जोडीपर्यंत ती केबल जळाली व पंप बंद पडला. शेजारच्या वस्त्यांवरून पंधरा-वीस माणसें बादल्या घेऊन आलीं. पण विहिरीवर ना रहाट होता, ना पोहरा, ना दोर. बंब दीड तासानें आला. घराचा पुढील सोपा वांचला. गोठा, वर्षाची वैरण, आणि दाव्यास बांधलेली एक गाय व तिचें वासरूं हीं गेलीं. ते सभासद आम्हांस म्हणाले, "विहिरींत पाणी दिसत होतें हो. पण तें माझें नव्हतें, विजेचें होतें."

आजच्या शेतवस्तीची मुख्य अडचण ह्या बोलण्यांत आलेली आहे. आपल्या आजोबांच्या वेळीं घरांत जळण्याजोगें सामान थोडें होतें आणि मोट, दोर, घागरी, पोहरे हीं दारांत तयार असत. आज घरांत गॅस आहे, फवारणी यंत्राचें पेट्रोल आहे, डिझेलचें पिंप आहे, ठिबकच्या नळ्यांचीं वेटोळीं व शेडनेट आहे, विजेरीवर चालणारी दुचाकी आहे. परंतु पाणी हातानें वर काढण्याचें एकही साधन नाहीं. आगीस खाद्य वाढलें आणि आपलें हत्यार गेलें. म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, जें पाणी विजेवांचून हातीं येत नाहीं, तें आगीच्या वेळेपुरतें नाहींच असें धरून प्रत्येकानें आपल्या वस्तीची तयारी करावी.

बंब दूर कां असतो

खेडेगांवास स्वतःचा बंब नसतो, ह्याचें कारण केवळ पैशाची चणचण नव्हे. सन १९९२ मध्यें राज्यघटनेंत ज्या दोन दुरुस्त्या झाल्या, त्यांनीं नगरपालिका व पंचायती यांच्याकडे सोपवावयाच्या कामांच्या याद्या घटनेस जोडल्या. नगरपालिकांच्या यादींत, म्हणजे बाराव्या अनुसूचींत, अग्निशमन सेवा हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचींत एकोणतीस विषय आहेत. शेती, चारा, रस्ते, पिण्याचें पाणी हीं सर्व त्यांत आहेत, परंतु अग्निशमन नाहीं. तेव्हां खेड्यांत आग लागली कीं जवळच्या नगरपालिकेचा, औद्योगिक वसाहतीचा किंवा एकाद्या साखर कारखान्याचा बंब मागवावा लागतो. तो मोकळा असेल तर येतो. १०१ किंवा ११२ ह्या क्रमांकावर फोन अवश्य करावा व तो पहिल्याच मिनिटास करावा. वस्तीची खूण, फाटा व पूल नीट सांगावा आणि फाट्यावर एक माणूस उभा करावा. मात्र फोन करून झाल्यावर, बंब येणारच नाहीं असें समजून कामास लागावें.

जुनी शिस्त

ज्या काळीं बंब ही वस्तूच नव्हती, त्या काळीं लोक ह्या बाबतींत आपल्याहून सावध होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नगराची व्यवस्था सांगतांना आगीचे नियम तपशिलानें दिलेले आहेत. प्रत्येक घरीं पाण्याचे पांच घडे, मोठा रांजण, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, अंकुश, छपराचें गवत ओढून काढण्याचा आंकडा व पाण्याची कातडी पखाल असावी असें तेथें सांगितलें आहे. उन्हाळ्यांत भर दुपारच्या दोन प्रहरांत चूल पेटवूं नये, आणि खेड्यांतील लोकांनीं त्या दिवसांत स्वयंपाक घराबाहेर करावा, असेंही सांगितलें आहे. आग लागली असतां जो घरमालक विझविण्यास धांवत नाहीं त्यास बारा पण दंड आणि भाडेकऱ्यास सहा पण. ह्या यादींतील शिडी, कुऱ्हाड, आंकडा व पाण्याचें भांडें हीं साधनें आजही तितकींच उपयोगी आहेत. आमच्या सभासदांपैकीं किती जणांच्या घरीं छपरावर पोहोंचणारी शिडी जागच्या जागीं आहे, हें ज्यानें त्यानें पाहावें.

गंजीचें अंतर

आग विझविण्यापेक्षां ती घरापर्यंत न येऊं देणें सोपें आहे, आणि त्याचा मुख्य उपाय अंतर हा होय. गंजी घराजवळ रचण्यांत वैरण काढण्याची सोय असते, चोरीची भीति नसते, आणि पावसांत भिजत जावें लागत नाहीं. हे सर्व फायदे खरे आहेत. तरीही गंजी घरापासून व गोठ्यापासून निदान साठ फूट दूर असावी असा आमचा ठोकताळा आहे. जागा असल्यास अंतर याहून अधिक ठेवावें. वैरण रोज लागते म्हणून गोठ्याजवळ दोन दिवसांपुरत्याच पेंढ्या आणून ठेवाव्या.

उन्हाळ्यांत आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेकडून व वायव्येकडून येतो. म्हणून गंजी शक्यतों घराच्या पूर्वेस असावी, म्हणजे तिच्या ठिणग्या घरावर न येतां शेताकडे जातील. आपल्या वस्तीवरील वारा डोंगर किंवा झाडी यांमुळें निराळा असेल तर त्याप्रमाणें दिशा ठरवावी. एक मोठी गंजी रचण्याऐवजीं दोन लहान रचून त्यांत तीस फुटांचें अंतर सोडावें; एक गेली तरी दुसरीवर जनावरें पावसाळ्यापर्यंत तग धरतील. गंजीभोंवतीं दहा फूट जमीन नांगरून किंवा खुरपून उघडी ठेवावी. विजेच्या तारांखालीं गंजी कधींही रचूं नये. ढिल्या तारा वाऱ्यानें एकमेकींस घासून ज्या ठिणग्या पडतात, त्यांनीं उभा ऊंस पेटल्याचीं उदाहरणें आपणां सर्वांस ठाऊक आहेत. तार लोंबत असल्यास वीज कंपनीकडे १९१२ ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा.

ओली वैरण रचल्यास ती आंतून तापते व कांहीं आठवड्यांनीं आपोआप पेट घेऊं शकते, हें पुष्कळांस खरें वाटत नाहीं. पण तें खरें आहे. संशय आल्यास लोखंडी पहार गंजीच्या मध्यापर्यंत खुपसून कांहीं वेळानें काढावी. ती हातांत धरवत नसेल तर गंजी मोडणें भाग आहे. परंतु पाणी व माणसें तयार ठेवूनच ती मोडावी. आंतल्या धगीस एकदम हवा लागली कीं ज्वाळा उठते.

भाव येईपर्यंत कापूस राहत्या घरांत भरून ठेवण्याची रीत विदर्भांत व खानदेशांत आहे. कापसाच्या आगीचा स्वभाव सर्वांत वाईट. ती वरून विझलेली दिसते व आंतून धुमसत राहते. दिनांक १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत फोर्ट स्टिकीन ह्या जहाजावर जो भयंकर स्फोट झाला, त्याची सुरुवात कापसाच्या गांठींच्या आगीनेंच झाली होती. त्या जहाजावर स्फोटक द्रव्येंही होतीं. बंब जागेवर होते, समुद्राचें पाणी हाताशीं होतें, तरीही ती आग आवरली नाहीं. चारच्या सुमारास स्फोट झाला, आणि अग्निशामक दलाचे साठांहून अधिक जवान मृत्यु पावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आपल्या देशांत अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. सर्व साधनें असूनही जेथें कापूस आवरला नाहीं, तेथें दोन बादल्यांवर विसंबून तो निजण्याच्या खोलींत ठेवूं नये. त्यास स्वतंत्र खोली असावी, तींत विजेचा उघडा दिवा किंवा जोड नसावा, आणि त्या खोलींत कोणीही विडी ओढूं नये. आग विझल्यावरही तो कापूस उघड्यावर पसरून त्यावर दोन दिवस पहारा ठेवावा.

कोंकणांतील व घाटमाथ्यावरील सभासदांची चिंता निराळी. तेथें आग घरांतून न येतां डोंगरावरून वणव्याच्या रूपानें येते आणि आंबा-काजूच्या बागेसह घर गिळते. त्यांनीं गवत पुरतें वाळण्यापूर्वींच बाग व वस्ती यांच्याभोंवतीं जाळरेषा काढावी. कौलांवर व पन्हळींत सांचलेला पाला दर आठवड्यास काढावा, कारण उडून आलेली ठिणगी प्रथम त्यांतच धरते. राब भाजण्याचें काम वारा पडलेला पाहून, सकाळीं, व पाण्याच्या घागरी जवळ ठेवूनच करावें.

पाण्याची तयारी

प्रत्येक विहिरीवर मजबूत दोर व दोन पोहरे कायमचे असावे. दोर उन्हानें कुजतो. म्हणून तो सावलींत टांगावा व दरवर्षीं बदलावा. कूपनलिका असेल तर हातपंपाची सोय होते कां तें पाहावें. घराजवळ दोनशें लिटरांचीं दोन पिंपें माघापासून मृग लागेपर्यंत भरलेलीं ठेवावीं. एका पिंपांत पंधरा लिटरांच्या तेरा बादल्या निघतात, आणि आरंभींच्या आगीस त्या पुष्कळ होतात. पिंपावर झांकण असावें, नाहीं तर डांस होतात व लहान मुलास धोका असतो. उंचावरील टांकी असल्यास तिच्या तळाशीं एक इंची तोटी बसवून तीस घर व गोठा यांच्या टोकापर्यंत पोहोंचेल इतकी नळी जोडून ठेवावी. हें पाणी वीज नसतांही आपल्या भारानें येतें.

पंपाची केबल घर, गोठा किंवा गंजी यांवरून नेऊं नये. ती जमिनीखालून नळींतून न्यावी, व पंपाची कळ घरापासून वेगळी असावी. आग लागतांच घराची मुख्य कळ बंद करावी लागते. दोन्ही एकच असतील तर घराची वीज तोडतांना पंपही आपणच बंद पाडतों.

पाठीवरचा सोळा लिटरांचा फवारणी पंप बहुतेक प्रत्येकाकडे आहे. ठिणग्या, गवत व छपराची कड भिजविण्यास तो फार उपयोगी पडतो. द्राक्ष व डाळिंब बागाइतदारांकडील ट्रॅक्टरवरचा फवारा तर पांचशें-सहाशें लिटर पाणी घेऊन चालतो व वीज नसतांही दाब देतो. आमच्या मतें दहा वस्त्यांमागें असा एक फवारा उन्हाळ्यांत धुऊन व स्वच्छ पाण्यानें भरून उभा ठेवला, तर तोच त्या वस्त्यांचा बंब होय. मात्र टांकींत औषधाचा अंश राहिलेला नसावा.

घरांतील व गोठ्यांतील आग

तव्यांतील तेल पेटल्यास त्यावर पाणी टाकूं नये. पाण्यानें तेल उसळून आग पसरते. झांकण घालावें व शेगडी बंद करावी. गॅस हवेपेक्षां जड असल्यामुळें तो जमिनीलगत सांचतो. वास आल्यास दिव्याची कळ लावूंही नये व बंदही करूं नये. दारें-खिडक्या उघडाव्या, रेग्युलेटर बंद करावा व माणसांस बाहेर काढावें. सिलिंडर नेहमीं उभा व शेगडीच्या खालच्या पातळीवर असावा. नळी पांच वर्षांनीं बदलावी. पेट्रोल, डिझेल, औषधें व गंधकाची भुकटी हीं राहत्या घरांत मुळींच ठेवूं नयेत. औषधांच्या खोलीस आग लागली तर ती विझविण्यास कोणी आंत जाऊं नये. तो धूर विषारी असतो. वाऱ्याच्या बाजूस उभें राहून शेजारची जागा वांचवावी.

विजेच्या जोडणींत मातीचा जोड म्हणजे अर्थिंग नीट असावा, आणि गळती होतांच वीज तोडणारा स्विच बसवून घ्यावा. त्याचा खर्च एका चांगल्या शेळीच्या किमतीहून कमी आहे. चार किंवा सहा किलोचें कोरड्या भुकटीचें अग्निशामक नळकांडें घ्यावें व त्याचा कांटा हिरव्या पट्ट्यांत आहे कीं नाहीं तें दर महिन्यास पाहावें. तें कांहीं सेकंदांतच रिकामें होतें; म्हणून ज्वाळेच्या शेंड्यावर न मारतां तिच्या मुळाशीं मारावें.

गोठ्यास दोन दारें असावींत. दाव्याची गांठ एका ओढीनें सुटेल अशी मारावी, आणि दाराशीं एक धारदार कोयता कायम टांगलेला असावा. धुरांत बोटांनीं गांठ सुटत नाहीं. सुटलेलीं जनावरें भयानें पुन्हां जळत्या गोठ्यांत शिरतात. म्हणून त्यांस दूर नेऊन झाडास बांधावें, नुसतें सोडून देऊं नये.

आग लागल्यावर

कामाचा क्रम आधींच ठरलेला असावा. प्रथम माणसें, त्यांतही मुलें, वृद्ध व आजारी, मग घराची मुख्य कळ व गॅस, मग जनावरें, आणि मग आग. माणसें पुरेशीं असतील तर हीं कामें एकाच वेळीं चालतील, पण कोणी काय करावयाचें हें सर्वांस ठाऊक पाहिजे. जी गंजी पुरती पेटली तिच्यावर पाणी वायां घालवूं नये. तें पाणी गोठ्याच्या व घराच्या छपरावर टाकावें. जें जळत आहे तें गेलें असें समजून जें जळलेलें नाहीं तें वांचवावें, ही गोष्ट मनास कठीण वाटली तरी तीच खरी.

धुराची गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. ज्वाळेपेक्षां धुरानें अधिक माणसें मरतात. धुरांतून निघतांना खालीं वांकून किंवा रांगत निघावें. आढें पेटलें, अथवा खोलींत धूर कमरेपर्यंत उतरला, कीं लढाई थांबवून बाहेर यावें. एकदां बाहेर आल्यावर कशासाठींही परत जाऊं नये. कागदपत्रांच्या पेटीसाठीं पुष्कळ जण परत जातात. सातबारा आज सरकारी संगणकावर आहे व पुन्हां मिळतो. इतर कागदांचीं छायाचित्रें काढून नातलगाकडे ठेवावीं, म्हणजे त्या पेटीचा मोह राहणार नाहीं. अंगावरचे कपडे पेटल्यास धांवूं नये, जमिनीवर लोळावें. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटें साधें वाहतें पाणी सोडावें. हळद, शाई, दंतमंजन किंवा बर्फ लावूं नये. रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक आहे.

आग विझल्यावर दुसऱ्याच दिवशीं महसूल खात्याकडून पंचनामा करून घ्यावा, आणि राख उपसण्यापूर्वीं छायाचित्रें काढावीं. घराच्या आगीच्या विम्यासाठीं १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ह्या नांवाची एकसारख्या अटींची योजना विमा कंपन्यांस द्यावी लागते. तिची माहिती आग लागण्यापूर्वीं घ्यावी. जनावरांचा विमा त्याहून निराळा असतो.

शेवटीं एक विनंति. वर सांगितलेल्या पुष्कळ गोष्टींस पैसा व वेळ लागेल आणि त्या हळूहळू होतील. परंतु एक गोष्ट प्रत्येक सभासदानें हा अंक वाचल्यावर येत्या रविवारींच करावी. घरांतील सर्वांस अंगणांत बोलवावें, वस्तीवरची वीज पूर्ण बंद करावी, आणि गोठ्याच्या दारापर्यंत दहा बादल्या पाणी पोहोंचविण्यास किती वेळ लागतो तें घड्याळ लावून पाहावें. ज्यांच्या घरीं हें काम पांच मिनिटांत होईल त्यांचें आम्ही अभिनंदन करतों. ज्यांच्या घरीं एक बादलीही पोहोंचणार नाहीं, त्यांनीं सोमवारच्या बाजारांत दोर व पोहरा घ्यावा. ज्या सभासदांची हकीकत आम्हीं आरंभीं दिली, त्यांनीं नवी गंजी आतां बांधाच्या पलीकडे रचली आहे आणि विहिरीवर रहाट बसविला आहे. तो रहाट त्यांच्या घरचीं मुलें रोज संध्याकाळीं ओढतात, आणि गोठ्यांतील पिंप त्या पाण्यानेंच भरतें.